फुल अँड फायनलचा कागद वाचून देणारे भोसरीचे काका: पाचपैकी चार

नोकरी सोडल्यावर कंपनीने पाठवलेला हिशोब बरोबर आहे की नाही, हे ओळ न् ओळ वाचून सांगणारं कुणी हवं असेल, तर भोसरीतल्या या ऑफिसात जरूर जा. कंपनीला धडा शिकवायचा असेल, एचआरला फोन लावून कुणीतरी झापायला हवं असेल, तर जाऊ नका. इथले काका आवाजसुद्धा चढवत नाहीत. मला आधी वाटलं, हे काय पैसे काढून देणार? पण पैसे आले, म्हणून सविस्तर लिहिते. नंतर ज्यांना गरज पडेल त्यांना आकडे दिसलेले बरे.

पुणे-नाशिक रस्त्यावरून आत वळलं की झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ऑफिस आहे. पाटीवर नुसतं 'कामगार कायदा सल्ला' असं लिहिलंय, बाकी काही नाही. जिना अरुंद, बसायला एक बाक, आणि पंखा फक्त काकांच्या डोक्यावर. काका पूर्वी एका मोठ्या कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी-पगाराच्या खात्यात होते, रिटायर झाल्यावर हे सुरू केलं. म्हणजे पगारातून काय काय कापलं जातं हे त्यांनी टेबलाच्या पलीकडून आयुष्यभर बघितलंय. माझ्या मते या ऑफिसची खरी किंमत तिथेच आहे. वकिलाला कायदा माहीत असतो, पण कपातीची कोणती ओळ कंपनीने टेम्प्लेटमध्ये आहे म्हणून टाकली आणि कोणती मुद्दाम, हे पगार काढलेल्या माणसालाच कळतं.

माझं प्रकरण असं. चाकणच्या बाजूला कोरुगेटेड बॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत मी स्टोअरला होते, 2022 पासून. शेवटचा पगार महिना 23,400, त्यातलं मूळ वेतन 15,600. जानेवारीत राजीनामा देऊन बाहेर पडले. एचआरचं म्हणणं, फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी होतो, पॉलिसी आहे. फेब्रुवारीच्या शेवटी मेलवर एक शीट आली. जमेच्या बाजूला वीस दिवसांचा पगार 15,600 आणि शिल्लक रजेचे 7,800, एकूण 23,400. वजावटीच्या बाजूला 24,962. म्हणजे साडेतीन वर्षं राबून वर मीच कंपनीला 1,562 रुपये देणं लागत होते! खाली तळटीप: रक्कम भरल्यावर रिलीव्हिंग लेटर मिळेल.

काकांनी शीट घेतली, लाल पेन बाजूला ठेवलं आणि शिसपेन्सिल काढली. प्रत्येक ओळीपुढे ते एकच प्रश्न विचारतात: "ही कपात कुठल्या खणात बसते?" वेतन संहितेच्या कलम 18 मध्ये पगारातून काय कापता येतं याची यादी आहे. दंड, गैरहजेरी, नुकसान, राहण्याची जागा, सोयी-सुविधा, उचल, कर्ज, आयकर, कोर्टाचा हुकूम, पीएफ, पतसंस्थेचे हप्ते, युनियनची वर्गणी, असे खण. यादीत बसलं तर कापा, नाही तर कापता येत नाही. कंपनीच्या पॉलिसीत लिहिलंय हे पुरेसं नाही. ही यादी काही आजची नाही. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात कलम 7 म्हणून ती जवळजवळ अशीच होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, वेतन संहिता त्यातलीच एक, आणि जुना कायदा तिच्यात गेला. मुख्य बदललं ते दोन ठिकाणी. जुना कायदा महिना 24,000 पर्यंतच्या पगाराला लागू होता, आता ती मर्यादा नाही, सुपरवायझर-मॅनेजरसुद्धा आत आले. आणि दुसरं, जुन्यात कंपनीने काढलं तरच दोन दिवसांत पैसे द्यायचं बंधन होतं. आता राजीनामा दिला तरी दोन कामकाजाच्या दिवसांत पगार चुकता करायचा, कलम 17. पंचेचाळीस दिवसांची पॉलिसी तिथेच मोडली. हे सांगताना काका हसलेसुद्धा नाहीत. मी असते तर टाळी दिली असती.

आता ओळी. सगळ्यात मोठी होती 'स्टॉक शॉर्टेज' 9,460. मी गेल्यावर आठवड्याने त्यांनी स्टॉक मोजला, स्टिचिंग वायर आणि टेपचे बॉक्स कमी भरले, आणि ते माझ्या नावावर टाकले. काकांनी आधी रकमेकडे बघितलंच नाही. त्यांनी विचारलं, "ताई, स्टोअरची किल्ली किती जणांकडे असायची?"

मी म्हटलं, एक माझ्याकडे, एक रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे, एक सिक्युरिटीच्या केबिनमध्ये खिळ्याला.

"रात्री माल लागला तर?"

"चिठ्ठी लिहून काढतात. सकाळी मी बिन कार्डवर, म्हणजे मालाच्या नोंदीच्या कार्डावर चढवते."

"चिठ्ठ्या कायम सापडतात?"

आता हा काय प्रश्न झाला! कुठल्याही स्टोअरवाल्याला विचारा. काकांनी पेन्सिलीने त्या ओळीवर गोल केला आणि मला समजावलं. नुकसान कापायचं तर तो माल खास त्याच माणसाच्या ताब्यात दिलेला असावा लागतो, आणि नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं. तीन किल्ल्यांच्या स्टोअरमध्ये हे सिद्ध करणार कसं? बरं, तेही सिद्ध झालं असं धरा. कापण्याआधी त्या माणसाला कारण दाखवायची संधी द्यावी लागते, आणि झालेल्या नुकसानापेक्षा एक रुपया जास्त घेता येत नाही. मला कुणी पत्र दिलं नव्हतं, विचारलं नव्हतं, मोजणीला बोलावलंही नव्हतं. उलट शेवटच्या दिवशी मी आणि नव्या मुलाने दोघांनी मोजून हँडओव्हरच्या यादीवर सह्या केल्या होत्या. त्या यादीचा फोटो मोबाइलमध्ये होता. काकांनी तो खालून झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट करून आणायला लावला. दोन रुपये. सगळ्या प्रकरणात सगळ्यात कामाला आलेला कागद तोच.

दुसरी ओळ 'सेफ्टी शूज, युनिफॉर्म, आयकार्ड' 1,850. यातले बुटांचे 1,100 काकांनी डोळे झाकून खोडले. सुरक्षेसाठी कारखान्याने जे द्यायचं असतं त्याचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, हे 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 114 ला होतं आणि कामगारांच्या सुरक्षेच्या नव्या संहितेतही आहे. आयकार्ड मी जमा केलं होतं, त्याची नो-ड्यूजवर, म्हणजे काही देणं बाकी नसल्याच्या कागदावर नोंद होती, तेही खोडलं. युनिफॉर्मचे 600 मात्र त्यांनी अर्धवट सोडले. मी दोन्ही जोड धुऊन, इस्त्री करून परत केले होते, कंपनीचं म्हणणं वापरलेले चालत नाहीत. साडेतीन वर्षं घातलेला शर्ट वापरलेलाच असणार ना! पण नेमणूकपत्रात 'गणवेशाची रक्कम अंतिम हिशोबात वळती होईल' अशी ओळ होती आणि खाली माझी सही. काका म्हणाले, लिहू, पण यावर अडून बसू नका. पुढे कंपनीने नेमके हेच 600 सोडले नाहीत.

तिसरी गंमत. नोटीस पिरियड तीस दिवसांचा, मी वीस दिवस काम केलं, दहा दिवस कमी पडले. कंपनीने दहा दिवसांचे पूर्ण पगाराने 7,800 कापले आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, 1,404. नोकरी सोडली म्हणून मला जीएसटी! हे मी नव्या कंपनीत सांगितलं तेव्हा अकाउंट्सची मुलं पोट धरून हसली, पण शीटवर छापलेलं होतं. केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय की नोटिशीच्या बदल्यात कापलेल्या पैशांवर जीएसटी नाही. काकांकडे त्याची प्रत फाइलमध्ये लावलेलीच आहे, म्हणजे असे कागद घेऊन येणारी मी पहिली नव्हते.

नोटिशीच्या मूळ रकमेवर मात्र काकांनी माझी बाजू घेतली नाही, आणि मला ते आवडलं. खरं तर कलम 18 च्या यादीत नोटिशीच्या पैशांचा वेगळा खण नाही. नोटिशीचा उल्लेख येतो तो गैरहजेरीच्या कलमात, आणि तोही दहा किंवा जास्त कामगार ठरवून, नोटीस न देता, वाजवी कारणाशिवाय एकदम गैरहजर राहिले तर. तेव्हा जास्तीत जास्त आठ दिवसांचा पगार कापता येतो. मी लगेच म्हटलं, मग माझे सगळेच परत मागू. काका म्हणाले, "नेमणूकपत्रावर सही तुमची आहे. तीस दिवस किंवा त्याबदली मूळ वेतन, असं तुम्ही कबूल केलंय. कंपन्या त्या कराराच्या जोरावर घेतात आणि त्यावर वाद वर्षानुवर्षं चालतो. तुम्हाला वाद हवाय की पैसे?" पण पत्रात शब्द 'मूळ वेतन' होता, पूर्ण पगार नव्हता. 15,600 भागिले तीस, 520 रुपये रोज, दहा दिवसांचे 5,200. म्हणजे 2,600 तरी जास्तीचे घेतले होते. नेमणूकपत्राची ओळ वाचून त्याच ओळीने कंपनीला पकडायचं, ही काकांची पद्धत.

दिवाळीची उचल बाकी 3,000 आणि पीएफ 1,248, या दोन ओळींपुढे त्यांनी बरोबरची खूण केली. माझ्या वहिनीच्या वेळी दुसऱ्या एका सल्लागाराने पीएफसुद्धा 'बेकायदा कपात' म्हणून पत्रात घातला होता आणि कंपनीने त्या एका ओळीवर अख्खं पत्र उडवून लावलं. इथे तसं होत नाही.

आणि शेवटची ओळ, जिच्याकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं: व्यवसाय कर 200. सगळ्यांचाच कापतात, फेब्रुवारीत 300, त्यात काय बघायचं? काकांनी पगार विचारला, मग म्हणाले, "ताई, बायकांना महाराष्ट्रात 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही. एप्रिल 2023 पासून." आधीची मर्यादा 10,000 होती, त्यामुळे सुरुवातीची कपात बरोबर, पण 2023 नंतरच्या माझ्या सगळ्या स्लिपांवर दर महिन्याला 200. आमच्या पॅकिंगला तीस-चाळीस बायका आहेत, एकीचाही पगार 25,000 च्या वर नाही. सॉफ्टवेअरमध्ये पुरुषांचा स्लॅब सगळ्यांना लावून ठेवलाय आणि कुणी बघितलंच नाही. हे मी त्यांच्या ग्रुपवर टाकलं. त्यानंतर पगाराच्या दिवशी एचआरच्या केबिनबाहेर काय झालं ते मला कळलंय, पण ते इथे लिहीत नाही.

सगळ्या ओळी झाल्यावर काकांनी खाली आणखी एक आकडा मांडला. एका वेतन कालावधीत सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. माझ्या 23,400 वर 24,962 कापलेले. एकेक ओळ खरी धरली तरी हा हिशोब तसाच्या तसा उभा राहू शकत नव्हता. मायनसमध्ये फुल अँड फायनल आलेल्या प्रत्येकाने आधी ही बेरीज करून बघावी.

पत्र त्यांनी दोन पानी लिहिलं, मराठीत. एकही विशेषण नाही. ओळ, रक्कम, कलम, मागणी. शेवटी एवढंच की, कपात कायदेशीर होती हे दाखवायची जबाबदारी कलम 59 प्रमाणे मालकावर आहे, आणि दावा दाखल झाल्यास मूळ रकमेशिवाय दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे, त्यामुळे घाई नाही, असंही त्यांनी मला तोंडी सांगितलं; जुन्या कायद्यात एकच वर्ष होतं. स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवलं, प्रत मेलवर.

एचआरचा फोन आला, आवाज एकदम गोड. या, सेटल करू, फक्त इथे सही करा. 'सर्व देणी मिळाली, कोणतीही तक्रार नाही' असा छापील कागद. काकांनी आधीच बजावलं होतं: पैसे खात्यात आल्याशिवाय सही नाही, आणि आले तरी जेवढे आले तेवढ्याचीच पोच, वर स्वतःच्या अक्षरात 'उरलेल्या कपातींवरील हरकत राखून'. मी तसं लिहिलं तेव्हा एचआरच्या बाईंनी कागद दोनदा वाचला, आत गेल्या, परत आल्या आणि घेतला. खात्यात 13,352 जमा झाले. वजा 1,562 वरून इथपर्यंत. रिलीव्हिंग लेटर त्याच दिवशी मिळालं. जुन्या व्यवसाय कराचे पैसे अजून आलेले नाहीत, 'सरकारकडे भरलेत, बघतो' चालू आहे.

फी: कागद वाचायचे 500, पत्र करून द्यायचे 1,500. वसुलीत टक्केवारी नाही. पावती मिळते, मागावी लागत नाही. माझ्या बहिणीकडे एका ठिकाणी फी म्हणून वसुलीतली निम्मी रक्कम मागितली होती, त्या मानाने हे फारच सरळ आहे. दावा दाखल करायची वेळ आली तर ते ओळखीच्या वकिलाकडे पाठवतात, त्याची फी वेगळी. माझ्यावर ती वेळ आली नाही म्हणून त्याबद्दल मत देत नाही.

बाकावर बसल्या बसल्या ऐकलेलं थोडं. एका मुलाच्या कंपनीत तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कट. काकांनी त्याच्या पंचिंगची शीट मागवली. गैरहजेरीचा पगार जेवढा वेळ नव्हता त्याच प्रमाणात कापता येतो. तीन वेळा दहा मिनिटं म्हणजे अर्धा तास, अर्धा दिवस नव्हे. दंड म्हणून घ्यायचा तर त्याची वेगळी पद्धत, आधी नोटीस बोर्डावर जाहीर केलेलं कारण हवं, म्हणणं ऐकून घ्यायला हवं, आणि पगाराच्या 3 टक्क्यांच्या वर नाही. तो मुलगा तिथेच मोबाइलवर वर्षाचा हिशोब मांडायला बसला.

दुसरा दोन वर्षांचा ट्रेनिंग बाँड, म्हणजे तेवढी वर्षं नोकरी न सोडण्याचा करार, मोडून आला होता, त्याला वाटत होतं बाँड म्हणजे बेकायदाच. काकांनी त्याला गार केलं. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या आत सोडल्यास 2 लाख रुपये, ही अट वैध धरली आहे. कंपनीचा खर्च खरा असेल, रक्कम वाजवी असेल, तर द्यावे लागू शकतात. "प्रशिक्षण खरंच दिलं का, ते सांगा," असं विचारल्यावर तो मुलगा गप्प झाला, मग म्हणाला, चार दिवस पीपीटी दाखवली. काका म्हणाले, "मग बोलू." लोकांना आवडेल ते सांगत नाहीत, हा त्यांचा गुण आणि थोडा दोषही, ज्याला नुसता धीर हवा असतो तो इथून हिरमुसून उतरतो.

एक तारा का कापला? पहिलं, पत्र गेलं की काकांचं काम संपलं. पाठपुरावा आपणच करायचा, ते स्वतःहून एक फोन करणार नाहीत. माझ्यासारखीला जमतं, पण बाकावर मराठीही धड न येणारे, ठेकेदाराकडचे वॉचमन बसलेले असतात. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीला धरता येतं, हे काका त्यांना सांगतात, लिहूनही देतात. तो कागद घेऊन गेटवर उभं कोण राहणार? एखादा मदतनीस ठेवला तर फी थोडी वाढली तरी चालेल. दुसरं, काका व्हॉट्सॲपवर कागद बघत नाहीत. प्रत्यक्ष यावं लागतं, तेही छापील कागद घेऊन. खालच्या झेरॉक्सवाल्याचं त्यात भलं आहे, एवढंच म्हणते.

जाताना नेमणूकपत्र, शेवटच्या सहा तरी स्लिपा, राजीनाम्याचा मेल आणि त्यावरचं उत्तर, हँडओव्हरची यादी, नो-ड्यूज, आणि बँकेचं स्टेटमेंट न्या. ऑफिस सोडायच्या दिवशीच कंपनीच्या मेलवरून हे सगळं स्वतःकडे घ्या, नंतर आयडी बंद होतो. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीची ओळ शीटवर आहे का तेही आधी बघा. माझी झाली नव्हती म्हणून मी त्यात शिरले नाही. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असल्यामुळे त्या दिवशी जिन्यापर्यंत रांग असते, इतर दिवशी संध्याकाळी पाचनंतर गेलात तर लवकर नंबर लागतो. गाडी खाली लावू नका, पलीकडच्या गल्लीत लावा, झेरॉक्सवाला हवा सोडतो.